खिशातला फ्यूज

बाबा, काल आईच्या खोलीतला थर्मोस्टॅट मी स्वतः बदलला. थांबा, आधी हसून घ्या. आपल्या आंबोलीच्या घरात आता लादीखाली विजेची वायर आहे, जमीन गरम करणारी. पावसाळाभर लाद्यांना पाणी सुटतं, आईचे गुडघे आखडतात, म्हणून आपल्या धाकट्याने घालून घेतली. तुम्ही म्हणाला असतात, "लादयेर घावणे घालूचे आसत काय?" तर ती किती तापवायची हे ठरवणारी भिंतीवरची डबी परवा मेली. घाटात दरड आलेली, सावंतवाडीचा माणूस येईना, आणि आई पायमोज्यांवर पायमोजे चढवून कण्हत बसलेली. शेवटी म्हटलं, वायरमनची मुलगी ना मी? धाकट्याने जादाची आणून ठेवलेली डबी काढली आणि मेन बंद केला.

तर आई माझी बाही सोडेना. "फ्यूज खंय आसा? पयलां खिशात घाल!" अगं, आता फ्यूज नसतो, नुसता खटका असतो, सांगून थकले. मग मला धामापूरचं ते घर आठवलं, तुम्ही वायरिंगला घेतलेलं. तुम्ही शिडीवर, काढलेला फ्यूज माझ्याकडे, आणि मी तो खिडकीत ठेवून दिलेला. केवढे ओरडलात! "कोणी परत घातल्यान तर? बापाशीक मारतलंस!" मी रडत म्हणते, फ्रॉकाक खिसो नाय. संध्याकाळी तुमच्या जुन्या खाकी पँटचा खिसा आईने माझ्या गुलाबी फ्रॉकवर शिवला. काय ध्यान दिसत होतं! पण मला तो फार आवडायचा. पुढे तुम्ही वरून विचारायचात, "आसा?" मी खिसा दाबून ओरडायची, "आसा!" मगच तुम्ही तारेला हात लावायचात.

तुमचा तो चिनीमातीचा फ्यूज आईच्या शिलाईच्या डब्यात सापडला. तिच्या गाऊनच्या खिशात घातला, तिला खुर्चीत बसवलं. तेव्हा कुठे बाही सुटली. मी जुनी डबी उतरवली, वायरी जिथल्या तिथे नव्या डबीत आवळल्या. तासाभराने लादी कोमट झाली, तसं आईने पायमोजे काढून फेकले आणि मला म्हणाली, "बापाशीवर गेलंस गो."

तुम्ही हवे होतात, बाबा. हे पत्र कुठे पाठवायचं म्हणा. एक मात्र सांगते, आईला सांगणार नाही. तो फ्यूज आता कशालाच जोडलेला नाही, हे तिला समजलं नाही. मला पक्कं ठाऊक होतं. तरी प्रत्येक वायर धरण्याआधी मी विचारत होते, "आसा?" आणि मागून तिचं "आसा" आल्याशिवाय माझा हात पुढे जात नव्हता.