बुटांसकट बजेट

२ नोव्हें., रवि.
जेवताना सुनंदाने सांगितलं. भिशीच्या पाच बायका, ती धरून, फेब्रुवारीत श्रीलंकेला चालल्यात. फिरायला नाही, चालायला. कँडीपासून चहाच्या मळ्यांतून जाणारी लांब वाट, तिचा पहिला भाग. मी म्हटलं, कुठली वाट? म्हणाली, "तुमचीच."
माझीच. सहा वर्षं नकाशे मी बघतोय, मुक्काम मी ठरवतोय. भिशीला कायम हसलो, बिनव्याजी पैसे म्हणून. आणि त्याच पैशांवर या निघाल्या.
दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

४ नोव्हें., मंगळ.
म्हात्रेकाकू आल्या. गावठाणातल्या, भिशी त्याच चालवतात. "भाऊ, बजेट तुमीच करून द्या. सुनंदा सांगते, तुमच्यासारका हिशोब कोनाला जमत नाय."
म्हटलं, काकू, चढ आहे तिथे. रोज पंधरा किलोमीटर.
"मंग? मी डोक्यावर पाटी घेऊन खाडीतून चालायची, तवा तुमी कुटं होता?"
सु. हसली. खूप हसली.
हो म्हणालो. रबाळ्याच्या टूलरूममध्ये कॅड स्वतः शिकलो, एक्सेल स्वतः शिकलो. बजेटला नाही कसं म्हणणार.

७ नोव्हें., शुक्र.
पूर्ण. विमान, व्हिसा, विमा, गाइड, होमस्टे, जेवण. शिवाय घोट्यावर येणारे बूट, जळवांसाठी मोजे, नवी सॅक, रेनकोट, काठ्या. वर दहा टक्के जादा. वाशीला दुकानात जाऊन बुटांच्या किमती पाहून आलो. एकही आकडा खोटा नाही.
माझ्या जुन्या शीटमध्ये बूट वगैरे नव्हते. पण ती माझ्यापुरती. मला चालायची सवय आहे.

९ नोव्हें., रवि.
भिशी आमच्याकडे. मी आतल्या खोलीत. काकूंनी बेरीज मोठ्याने वाचली. माणशी एक लाख अठरा हजार.
मग वरच्या मजल्यावरच्या जाधववहिनी, पाळणाघर चालवतात त्या: "मग माझं राहू द्या गं. तुम्ही या जाऊन."
"अगो, जरा थांब तरी."
"नको काकू. पोरीची फी आहे जानेवारीत."
खरं तर त्यांनाच सगळ्यांत जास्त जायचं होतं. कँडीचं बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर. बाबासाहेबांच्या जयंतीला दरवर्षी विषय निघतो त्यांच्या घरात.
उठून दोन वाक्यं बोलायची होती. बसून राहिलो. आणि थोडं बरं वाटलं. लिहून ठेवतो. बरं वाटलं.

१० नोव्हें., सोम.
सु. संध्याकाळी मेथी निवडताना, माझ्याकडे न बघता: "तुमच्या जुन्या बजेटमध्ये बूट कंपनीतले होते. सेफ्टी शूज. सॅक आपल्या निखिलची, कॉलेजची. रेनकोट घरातला. सहा वर्षं ऐकतेय, पाठ झालंय."
"बायकांच्या सेफ्टीचा प्रश्न..."
"अहो, जळवा बायकांनाच चावतात का?"
मग म्हणाली, "यायचं होतं तर म्हणायचंत."
"बायकांची भिशी आहे."
"विचारलं होतंत कधी?"

१२ नोव्हें., बुध.
जुनी शीट उघडली. आजचे दर घातले. नव्या वस्तू काढल्या. सत्त्याहत्तर हजारांत बसतं.
पाच वर्षांपूर्वीचे दर घालून पाहिले. तेव्हाही बसत होतं. तेव्हा मी कुठल्या मुक्कामावर अडलो होतो ते आठवत नाही.

१३ नोव्हें., गुरु.
कामावरून थेट काकूंकडे, दुरुस्त बजेट घेऊन. ओट्यावर सुकट निवडत होत्या. कागद लांब धरून वाचला.
"एकेचालीस हजार कुटं गेले?"
"बूट, सॅक काढले."
"आनि घातले कोनी होते?"
ओट्याच्या कडेला बसलो.
परत सुकट निवडायला लागल्या. "तिकिटं सोमवारी काढायची हायत. गाडी, गाइड पाच जनींवर बसवलाय. जाधवीन येत नाय तर पाचवी जागा तुमी घ्या. दिवालीला भिशीची साडी मिलते, ती पन देऊ."
"सुनंदाला विचारलंत?"
"इचारलाय."
"काय म्हणाली?"
"बायको कोनाची हाय, माझी?"
रस्ताभर हसू येत होतं. पाचवी जागा. गाडीत खिडकी मिळेल का, हेसुद्धा मनात येऊन गेलं. मग आठवलं, ती रिकामी कशी झाली.
सु.ला काही विचारलं नाही.

१५ नोव्हें., शनि.
दुपारी वर गेलो. वहिनी पाळणाघराच्या चटया गुंडाळत होत्या. "या भावजी." कागद दिला. म्हटलं, पहिलं बजेट चुकलं होतं. मग म्हटलं, चुकलं नव्हतं, मी फुगवलं होतं.
त्या बेरजेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. का फुगवलंत, हे विचारलं नाही. वेगळंच विचारलं. "मी नाही आले तर माझी जागा कोणाला?"
"मला."
"अच्छा." कागदाची घडी घातली, कमरेला खोचली. "सोमवारी सकाळी सांगते काकूंना."
खाली आलो. सु. दारातच. सगळं सांगितलं.
"आणि तुम्हाला काय वाटतं," ती म्हणाली, "काय सांगावं त्यांनी?"
उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.
आता संध्याकाळचे सात. वरच्या मजल्यावर कोणीतरी चालतंय. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत. पावलं जड, टाच आपटतेय. पोरीचे बूट वहिनी घालून बघत असतील. नाहीतर घरात बूट घालून कोण चालतं?