प्रेशरच्या यंत्राची पोच

॥ श्री मोरया ॥
मोशी, मंगळवार

ती. सौ. कुसुमवन्संना मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं पार्सल शुक्रवारी मिळालं. आलं ते असं: उडदाचे पापड शंभर (मोजले, दोन तुटके धरून), कुरडया दोन किलोला जरा कमी, सांडग्यांचा एक डबा, लसणाची चटणी अर्धा किलो आणि तुमच्या भावाचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र एक, पट्ट्यासकट. पार्सलवाल्याने घरपोचचे पैसे घेऊन मला भोसरीला बोलावलं. जाताना बस दहा रुपये, येताना ओझं म्हणून रिक्षा साठ. यंत्राची किंमत तुम्ही नखाने खरवडलीत, पण उजेडात धरली की दिसते. एवढा खर्च कशाला केलात? यशवंतरावांचा गुडघा आता कसा आहे? बार्शीत ऊन फार असेल, दोघांनी जपावं.

फोन न करता पत्र लिहिते याचं कारण, तुमचे भाऊ फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसतात आणि माझी वाक्यं दुरुस्त करतात.

तुम्हाला ठाऊक आहेच, महाळुंग्याच्या कंपनीत हे चाळीस फुटांवरची क्रेन चालवतात आणि कंपनीचा डॉक्टर वर्षातून दोनदा तपासतो. दीड वर्षापूर्वी वरचा आकडा एकशे छप्पन्न निघाला आणि यांना खाली उतरवून पॅकिंगला बसवलं. सहा महिने खोक्यांना टेप चिकटवत होते. घरी आले की नुसते बोटांचा डिंक खरवडत बसायचे. ते मला बघवेना, म्हणून मी चिंचवडच्या मोरयाला एकवीस संकष्ट्या बोलले. सहा महिन्यांनी आकडा उतरला आणि हे परत क्रेनवर चढले. सतरा संकष्ट्या झाल्या, चार राहिल्या. पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे.

आता तुमच्या लाडक्या भावाचं वागणं ऐका. घरी मी डबा द्यायची तो द्यायचीच, पण कंपनीच्या गेटवर उतरलं की वडापाव, अकराला कॅन्टीनचा चहा आणि खारी, दुपारी डब्यावर मित्राचं लोणचं, सुटताना परत चहा. घरी आले की टीव्हीपुढे फरसाणाची पिशवी मांडीवर (वाटीत घेतलं तर किती खाल्लं ते दिसतं ना!). दूध आणायला जायचं तर ऐंशी पावलांसाठी गाडीला किक. रविवारी सोसायटीतल्या पुरुषांबरोबर इंद्रायणीच्या घाटावर चालायला जायचे. चालून येताना सगळ्यांची मिसळ, वर जास्तीचा कट. ह्याला म्हणे व्यायाम! मी गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली, फरसाण बंद केलं, डब्यातलं मीठ निम्मं केलं. आता बिचारे बसस्टॉपपर्यंत पायी जातात. पोट दोन भोकं आत गेलंय (पट्ट्याची भोकं, मी मोजते).

शेजारची दिव्या, हिंजवडीला नोकरी करते, मनगटावर पावलं मोजायचं घड्याळ बांधते. सोफ्यावर बसून हात हलवते आणि म्हणते, "काकू, माझी आठ हजार झाली." ती मला तीन महिन्यांपूर्वी म्हणाली होती, "काकू, साबुदाण्याच्या खिचडीत भातापेक्षा जास्त कॅलरी असतात." मी म्हटलं, "बाई गं, उपवास देवासाठी असतो, तुझ्या घड्याळासाठी नाही." दारात चार बायका उभ्या होत्या. सगळ्या हसल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर शनिवारी यंत्राला हळदकुंकू वाहून चौरंगावर ठेवलं. कसं वापरायचं ते दाखवायला दिव्याच आली. यांचा आकडा आला एकशे बत्तीस. माझा जीव भांड्यात पडला, पण तोंडाने म्हटलं, "हात सैल सोडला नसेल तुम्ही, थांबा, मी दाखवते." आणि पट्टा माझ्या दंडाला बांधला. वन्सं, आकडा आला एकशे बहात्तर. दिव्या म्हणाली, "काकू, पाच मिनिटं गप्प बसा, परत घेऊ." गप्प बसले. एकशे अडुसष्ट. यांनी चष्मा लावला. मी म्हटलं, यंत्र बार्शीहून हलत आलंय. सेल बदलले. एकशे सत्तर. मग खालच्या सोपानराव वॉचमनला वर बोलावलं. पासष्टी ओलांडलेला माणूस, बिड्या ओढतो, रात्रभर जागतो. त्याचा आला एकशे अठरा! कुठे न्याय आहे का?

सोमवारी ह्यांनी सुट्टी टाकून मला रुबीना डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं यंत्र पाऱ्याचं, पण तेही दिव्याच्याच बाजूचं. वजन एक्याऐंशी भरलं. काय खाता म्हणून विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, सोमवार, गुरुवार, एकादशी, संकष्टी, सगळं करते. उपवासाला काय? खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेले वेफर्स, खारे दाणे, चंद्रोदयाला मोदक आणि तूप. मीठ? सैंधव, म्हणजे मीठ नाहीच. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मंदाताई, सैंधव पण मीठच आहे. आणि तुम्ही उपवासाच्या दिवशी जेवणाच्या दिवसापेक्षा जास्त खाता." रोज सकाळी एक गोळी दिली. पापड, लोणचं बंद, रोज अर्धा तास चालायचं आणि असले उपवास करायचे नाहीत म्हणाल्या.

घरी येताना हे एवढंच बोलले, "मंदा, वर क्रेनवर बसलो की खाली बघावं लागतं. तिथं तुझा आकडा दिसायला लागला तर मी काय उचलू?" आणि आल्याआल्या तांदळाच्या डब्यात हात घालून किल्ली काढली, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, राहू दे तुझ्याकडेच, आता दोघं पायीच जाऊ. मला यंत्राचा राग आला. मोरयाने यांचं प्रेशर उतरवलं ते ठीक, पण माझ्यावर ठेवायला सांगितलं कोणी?

सर्वांना यथायोग्य नमस्कार.

तुमची,
सौ. मंदा

ता. क. खरं काम हे. चार संकष्ट्या मोडल्या आणि नोव्हेंबरात यांचा आकडा चढला तर मी स्वतःला माफ करणार नाही. पण खिचडी सोडायची तर दिव्यासमोर तोंड दाखवायला नको. म्हणून तुम्ही मोठ्या या नात्याने पोस्टकार्डावर लिहा, की आपल्या घराण्यात संकष्टी फळं आणि ताकावरच करतात (बिनमिठाच्या), मंदाने आजवर चुकीची केली. पोस्टकार्डच पाठवा, पोस्टमन खाली सोपानरावाकडे देतो आणि तो सगळ्या सोसायटीला वाचून दाखवतो. डॉक्टरीणबाईंना विचारलंय, एवढं चालेल म्हणाल्या. चतुर्थी पुढच्या बुधवारी आहे, तेव्हा उलट टपाली कळवावं.

आणखी ता. क. पापड आता साठ उरलेत. तुमच्या भावाने एकही खाल्लेला नाही. पोस्टकार्डावर ह्याचा उल्लेख नको.