टालसेले येथील न झालेल्या विलीनीकरणास मान्यता न देण्याबाबत

प्रति,
मा. पर्यवेक्षण अधिकारी,
न्यास व सामाजिक संस्था विभाग,
जिल्हा प्रशासन कार्यालय.

अर्जदार : गुनबोर्ग सेल्स्टेड्ट, चिटणीस (महासंघाच्या मते माजी चिटणीस), सकाळचा फोन मंडळ, टालसेले.

विषय : आमचे मंडळ 'उत्तरज्योत साहाय्य महासंघा'त विलीन झाल्याची नोंद न करण्याबाबत, व मंडळाची स्नो-स्कूटर आणि घरांच्या किल्ल्या गावातच राहू देण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराची यापूर्वीची दोन पत्रे, ज्यांना उत्तर आलेले नाही.

महोदया,

१. उपरोक्त विषयान्वये अर्जदार सविनय सादर करते की, टालसेले गावात व तळ्यापलीकडे एकट्याने राहणाऱ्या वृद्धांना रोज सकाळी आठ वाजता फोन करणे, एवढेच सदर मंडळाचे काम आहे. फोन उचलला गेला की मंडळाचे काम संपते. उचलला गेला नाही तर कपाटातून त्या घराची किल्ली घेऊन, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून स्कूटरने व उन्हाळ्यात होडीने, कोणीतरी ताबडतोब निघते. याखेरीज मंडळाने कधी काही केलेले नाही आणि करण्याची इच्छाही नाही. विलीनीकरणापूर्वी महासंघाने पाठवलेल्या प्रश्नावलीत 'पाच वर्षांनंतरचे आपल्या संस्थेचे स्वप्न काय?' असा प्रश्न होता. त्यापुढे मंडळाने 'सगळ्यांनी फोन उचलावा' असे लिहिले. ते 'उत्तर अपुरे' अशा शेऱ्यासह परत आले.

२. आपण दक्षिणेकडून नुकत्याच बदलून आलात असे कळते, म्हणून एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. आमच्या भागात 'हो' बोलून सांगत नाहीत. ओठांचा चंबू करून श्वास झटकन आत ओढतात, झाला होकार. सभेतही तीच रीत. मंडळाचे अध्यक्ष सिवेर्ट ल्योव्बोम विषय मांडतात आणि कान देतात. खोलीभर श्वास ओढले गेले तर ठराव मंजूर. खोली गप्प राहिली तर सिवेर्ट म्हणतात, "बरं, कॉफी घेऊ या," आणि तो विषय पुन्हा कधीही निघत नाही. या रीतीने आजवर कोणाचेही मन न दुखावता कित्येक वाईट कल्पना गाडल्या गेल्या आहेत.

३. विलीनीकरणाच्या सभेत महासंघाचे धोरण सल्लागार श्री. योआकिम वालेरस्टेड्ट हे पडद्यावरून हजर होते. पाहुणे म्हणून सिवेर्टनी सभेचे अध्यक्षपद त्यांना दिले. हा चांगुलपणा आम्हांस महाग पडला. श्री. वालेरस्टेड्ट यांनी रंगीत वर्तुळे दाखवली. पाच लहान वर्तुळे हळूहळू सरकत एका मोठ्या वर्तुळात शिरली आणि दिसेनाशी झाली. "मंडळी, काम तेच, माणसं तीच, फक्त पाटी नवी," असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "तर मग विलीनीकरण मंजूर ना?"

खोलीत एकही श्वास ओढला गेला नाही. इतका ठाम नकार आमच्या सभागृहाने पूर्वी कधी ऐकला नव्हता. श्री. वालेरस्टेड्ट मात्र प्रसन्न हसले व म्हणाले, "मंजूर! अहो, तुमच्या भागाचा अभ्यास केलाय मी. होकार श्वासानं देता तुम्ही. माइकला नाही येत ऐकू, पण मला कळतं. आभारी आहे, आता मजेत कॉफी घ्या!" आणि पडदा काळा झाला. सिवेर्ट म्हणाले, "आता सांगायचं कुणाला? भिंतीला?"

अर्जदाराने इतिवृत्तात 'कोणीही होकार दिला नाही' असे लिहिले. महासंघाने ते दुरुस्त करून 'कोणीही विरोध केला नाही' असे केले, आणि सिवेर्टकडे सहीसाठी पाठवले. दोन्ही वाक्ये खरी असल्याने सिवेर्टना सही नाकारता आली नाही. ते सरळ मनुष्य आहेत. या सरळपणाचा अर्जदारास अजून राग येतो.

४. अर्जदाराचे थोरले बंधू श्री. हेलगे बुरमान, वय चौऱ्याऐंशी, तळ्याच्या पलीकडे एकटे राहतात. चार वर्षांपूर्वीच्या पक्षाघातात त्यांचे शब्द गेले. बुद्धी शाबूत आहे, हातपाय बऱ्यापैकी चालतात, कुत्र्याशी त्यांचे उत्तम जमते. बोलण्यातले मात्र एकच उरले आहे, ते म्हणजे हा श्वासाचा होकार. तेवढ्यावर त्यांचा संसार सुरळीत चालला होता. रोज सकाळी "उठलास का?" असे विचारले की श्वास येई. "चूल पेटवलीस?" श्वास. "औषध घेतलंस?" मग काहीच नाही. "घे मुकाट्यानं. मी थांबलेय फोनवर." थोड्या वेळाने, नाइलाजाचा श्वास. अर्जदारास त्या श्वासांवरून त्यांना झोप लागली की नाही हेही कळते.

विलीनीकरणानंतर महासंघाने 'दुबार श्रम टाळण्यासाठी' आमचे फोन बंद करून यंत्राचा फोन सुरू केला. यंत्र म्हणते, "सुप्रभात. आपण ठीक असाल तर 'हो' म्हणा." हेलगेंनी श्वास ओढला. "आपले उत्तर ऐकू आले नाही. कृपया 'हो' म्हणा." हेलगेंनी अधिक जोराने ओढला. पुढच्या दोन सकाळीही तेच झाले. त्यानंतर हेलगेंना महासंघाचे पत्र आले : 'आपण आमची सेवा नाकारली आहे. आपल्या निर्णयाचा आम्ही मनापासून आदर करतो.' त्यांचे नाव यादीतून उडाले.

५. अर्जदाराने श्री. वालेरस्टेड्ट यांना फोन केला. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे देते, कारण ते सुधारून लिहिणे अर्जदारास जमणार नाही.

"योआकिम, अरे, तो 'हो'च म्हणतोय."

"गुनबोर्ग, यंत्राला ऐकू नाही ना आलं. जे ऐकू आलं नाही, ते उत्तर म्हणून कसं धरायचं?"

"मग सभेत तुला काय ऐकू आलं होतं?"

ते म्हणाले, "तो धोरणाचा प्रश्न होता, गुनबोर्ग. हा सेवेचा आहे."

महोदया, आपण शिकलेल्या आहात. जो श्वास कोणी ओढलाच नव्हता तो होकार ठरला, आणि जो माणूस जीव एकवटून ओढतो त्याचा श्वास नकार ठरला. एकाच संस्थेला, एकाच महिन्यात, हे दोन्ही कायदे कसे लागू होतात, हे आपण समजावून द्यावे. अर्जदारास ते समजलेले नाही, आणि समजून घेण्याची तिची पूर्ण तयारी आहे.

६. 'मग तुम्हीच भावाला फोन करा' असे आपल्या कार्यालयातून तोंडी सांगण्यात आले. अर्जदार करतेच. परंतु अर्जदार त्र्याहत्तर वर्षांची असून येत्या गुरुवारी तिच्या खुब्याची शस्त्रक्रिया शहरात व्हायची आहे. त्यानंतर किती दिवस तिला घरी सोडणार नाहीत ते डॉक्टरही सांगत नाहीत. एक माणूस आजारी पडले तरी फोन थांबू नये, यासाठीच तर लोक मंडळ काढतात. गावातील इतर स्वयंसेवकांनी महासंघाच्या करारावर सह्या केल्या आहेत. 'यादीबाहेरील व्यक्तीस सेवा देणार नाही' असे त्या करारात आहे. आमची माणसे सही केलेला कागद पाळतात. शिवाय स्कूटर व किल्ल्या या महिनाअखेर शहरात जमा व्हायच्या आहेत. शहरातून टालसेलेस यायला, रस्ता मोकळा असेल तर, दोन तास लागतात.

७. आता गेल्या मंगळवारची हकिकत. अर्जदाराने आठ वाजता हेलगेंना फोन केला. फोन उचलला गेला, पण श्वास आला नाही. हेलगे रागावून गप्प बसतात तेव्हा त्यांच्या नाकाचा आवाज येतो. त्या दिवशी तोही नव्हता. नुसती खोली ऐकू येत होती आणि लांबवर कुत्रा कण्हत होता.

अर्जदार सभागृहापाशी धावली. धावली म्हणजे खुब्याने जेवढे धावू दिले तेवढी. स्कूटर शहरात न्यायच्या गाडीवर पट्ट्यांनी आवळलेली होती आणि तिच्यावर उत्तरज्योतची नवी पाटी चिकटवलेली होती. सिवेर्ट तिथेच उभे होते.

"अगं गुनबोर्ग, ती आता आपली नाही. सही केलीय मी."

"मग तू बस सहीजवळ. मी चालले."

सिवेर्टनी पट्ट्या सोडल्या. मग मागच्या सीटवर तेच बसले, कारण अर्जदार त्यांना चालवू देईना.

हेलगे स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेले होते. चुलीत लाकूड सारताना पाय घसरला असावा. चूल विझून गेली होती आणि बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. फोन त्यांनी तारेला धरून खाली ओढला होता, पण तो त्यांच्यापासून हातभर लांबच राहिला होता. चेहरा राखेच्या रंगाचा. अर्जदाराने विचारले, "हेलगे, ऐकतोयस का रे?" काही नाही. पुन्हा विचारले. सिवेर्टनी टोपी काढली, तेव्हा अर्जदार त्यांच्यावर ओरडली, "घाल ती टोपी! आधी घाल!" आणि मग तो श्वास आला. अगदी बारीक, पण आत ओढलेला.

अर्जदार तिथेच राखेत बसून रडली. अर्जात हे लिहिण्याचे प्रयोजन नाही, तरी लिहीत आहे. दोन दिवसांनी महासंघाकडून पत्र आले. अर्जदारास वाटले की विचारपूस असेल. ती 'वाहनाच्या विनापरवाना वापराबाबत' नोटीस होती.

८. सबब, शनिवारी मंडळाची सभा पुन्हा बोलावण्यात आली. महासंघाच्या मते मंडळ अस्तित्वात नसल्याने ती सभाही अस्तित्वात नाही. पण सभागृह भरले होते. सिवेर्ट अध्यक्षस्थानी होते. ते म्हणाले, "आज रीत बाजूला ठेवू. प्रत्येकानं उभं राहून, तोंडानं सांगायचं. ज्यांनी सह्या केल्यात त्यांनीही. सगळ्यांत आधी मी. नाही."

आमच्या गावात मोठ्याने 'नाही' म्हणणे म्हणजे भांडण उकरणे होय. दोन सख्ख्या शेजाऱ्यांत वीस वर्षे कुंपणाचा वाद आहे, पण तो शब्द त्यांच्यात उच्चारला गेलेला नाही. तरीही माणसे एकामागून एक उठली. कोणी बुटांकडे पाहून 'नाही' म्हणाले, कोणी खिडकीकडे पाहून. नव्वदीच्या एस्टरबाई म्हणाल्या, "माफ करा हं, पण नाही," आणि लाजून लाल झाल्या. सगळ्यांचे झाले. मग सगळे हेलगेंकडे पाहू लागले.

हाड मोडलेले नसल्याने इस्पितळाने त्यांना आदल्या दिवशीच सोडले होते. त्यांना घोंगड्यांत गुंडाळून स्लेजवरून आणले होते. त्यांच्याजवळ 'नाही' हा शब्दच नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. सिवेर्टनी हळूच विचारले, "हेलगे, तुझं काय? व्हायचं का विलीन?"

हेलगे खुर्चीचा आधार घेऊन उठले. मदतीला गेलेल्यांचे हात त्यांनी झटकले. टेबलापाशी येऊन त्यांनी सिवेर्टच्या हातातली अध्यक्षांची हातोडी काढून घेतली, कोटाच्या आतल्या खिशात घातली, कोटाची बटणे लावली, आणि जाऊन जागेवर बसले.

मंडळाच्या घटनेनुसार हातोडी आपटल्याशिवाय सभा संपत नाही. हेलगेंनी हातोडी अद्याप परत दिलेली नाही आणि मागण्याचा धीर कोणासही झालेला नाही. त्यामुळे सदर सभा हा अर्ज लिहीत असताना चालूच आहे. जिची सभा चालू आहे अशी संस्था विसर्जित कशी समजावी, हे कृपया लेखी कळवावे.

९. तरी आपणास विनंती की, विलीनीकरणाची नोंद करू नये. ते शक्य नसल्यास नोंद लांबणीवर टाकावी. तेही शक्य नसल्यास निदान स्कूटर व किल्ल्या गावातून हलवू नयेत, असा आदेश द्यावा. किल्ल्या सध्या माझ्या स्वयंपाकघरात आहेत. आदेश आला नाही तरी मी त्या देणार नाही. अर्जात असे लिहू नये हे मला कळते. चाळीस वर्षे चिटणीसपद सांभाळले आहे, 'मी' हा शब्द कधी इतिवृत्तात येऊ दिला नाही. पण हेलगे माझा भाऊ आहे, आणि मला भीती वाटते.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असेन. त्या वेळी हेलगेला फोन कोण करणार, एवढेच मला बुधवारपर्यंत कळवा. बाकीचे उत्तर सावकाश दिले तरी चालेल.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
गुनबोर्ग सेल्स्टेड्ट
चिटणीस, सकाळचा फोन मंडळ

टालसेले, सोमवार, २७ जानेवारी

सोबत :
१) मूळ इतिवृत्त व दुरुस्त केलेले इतिवृत्त.
२) हेलगे बुरमान यांनी सेवा 'नाकारल्या'चे पत्र.
३) हेलगे बुरमान यांचा फोन नंबर. आपण स्वतः केलात तरी चालेल. प्रश्न विचारून झाल्यावर लगेच ठेवू नये.