छत्तीस खोल्यांची यादी

सांगली, गुरुवार, ८ मे १९४७

प्रिय विनू,

तुझं पत्र परवा मिळालं. दादाच्या खोलीचं काय झालं, म्हणून तू घाबरून विचारलंस. माझी खोली शाबूत आहे, एक कौलसुद्धा हललेलं नाही. बाकीच्यांचं काय झालं ते तुला कुणी धड सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सगळं लिहितो. हातातली कामं आटपून, एकटी बसून वाच.

गेल्या भाऊबीजेला आली होतीस तेव्हा वस्ती पाहिलीसच तू. हळदीच्या पेठेमागच्या मालक दादासोंच्या छत्तीस खोल्या, समोरासमोर दोन रांगा, मधे अंगण आणि अंगणात एक नळ. सांगलीत एवढ्या कमी भाड्यात दुसरीकडे डोकं टेकायला जागा नाही, म्हणून कडेगावकडचे हमाल, अथणीकडचे कानडी बोलणारे गवंडी, एक मोमीन विणकर, लढाईवरून परतलेले शिपाई आणि माझ्यासारखा अडतीवरचा कारकून असे सगळे एकाच नळावर रांग लावायचे. तुला हसू आलं होतं, की इथं भांडण मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. संडास चार, त्यातल्या दोनांना दारं नाहीत. बायका पहाटे एकमेकींना पहारा देत जायच्या. नळ सकाळी सातला यायचा आणि हमाल सहालाच बाहेर पडायचे. म्हणून केरबानं मला गाठलं. केरबा हवालदार होता, उजव्या हाताची तीन बोटं ब्रह्मदेशात ठेवून आला. मला म्हणाला, "भाऊ, तुमी लिवणारं मानूस. म्युनिसिपालिटीला अर्ज करा. पर मोजून करा. किती मानसं, कोन कवा कामाला जातंय, समदं लिवा. मोजल्याबिगर सायेब ऐकत न्हाईत."

म्हणून मी दिवाळीआधी चार रविवार दारोदार फिरलो. छत्तीस खोल्या, दोनशे नऊ माणसं. खोलीचा नंबर, घरात बाया किती, पोरं किती, कर्ता पुरुष कुठं कामाला, कधी जातो, कधी येतो. शेजारच्या बावीस नंबरमधल्या नाथाजी हमालाची बायको बनुबाई हसून म्हणाली, "पोटातलं बी लिवा की भाऊ, त्येलाबी पानी लागंल." मी खरंच लिहिलं, विनू. दोनशे नऊच्या पुढं कंसात एक.

दादासोंना तिथं वखारी बांधायच्या होत्या. भाडं वेळेवर मिळत होतं, तेव्हा लोकांना काढायला सबब नव्हती. आधी त्यांनी नळाची तोटी काढून नेली. केरबानं नवीन बसवली. मग राहिलेल्या दोन संडासांची दारं गेली. बायकांनी गोणपाटं लावली. कुणी हललं नाही.

सतरा एप्रिलला, गुरुवारी, पेठेत सौदे ऐन रंगात होते. दुपारी बाराच्या सुमाराला दोन मालमोटारी वस्तीच्या फाटकाशी येऊन थांबल्या. तीस-पस्तीस माणसं उतरली, कुणाच्या हातात काठ्या, कुणाच्या हातात पहारी. मी दुकानात होतो. "वस्ती पाडत्यात!" अशी आरोळी आली आणि मी पायताण न घालताच पळत सुटलो.

मी पोचलो तेव्हा सहा खोल्यांची छपरं खाली आली होती. वर चढलेले लोक कौलं लाथांनी ढकलत होते आणि खाली बायका पोरांना पोटाशी धरून बाहेर पळत होत्या. आडव्यातिडव्या कशाही खोल्या पाडत नव्हते ते. ज्या खोल्यांत त्या वेळी पुरुष नव्हता तेवढ्याच आधी निवडून घेत होते. तीन, सात, आठ, बारा. फाटकाशी एक माणूस हातात कागद धरून उभा होता, तो नंबर सांगायचा आणि टोळी तिकडे वळायची. मोमिनाच्या म्हाताऱ्या आईनं हातमाग सोडला नाही, तर तिच्या हातांवर काठी मारली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पोळीभाजी विकणाऱ्या चंद्राबाईनं चुलीवरची उकळती आमटी एकाच्या तोंडावर फेकली. त्यांनी तिला केसांना धरून अंगणभर फरफटवलं आणि नळाच्या दगडावर तिचं कपाळ आपटलं. केरबा डाव्या हातात काठी घेऊन उभा राहिला, पण त्याला तिघांनी पाडून बांधून घातलं.

मग ते बावीस नंबरवर आले. यादीप्रमाणे ती खोली पुरुषावाचून असायला हवी होती. पण नाथाजी त्या दिवशी तापानं घरी होता. तो पोती ओढायचा लोखंडी आकडा घेऊन दारात आला, डोळे तांबडे. ओरडला, "पोटुशी हाय रं आत! मानसं हायसा का कोन?" जो पहिला पुढं सरकला त्याच्या खांद्यात त्यानं आकडा रुतवला. तो किंचाळून खाली बसला, आणि बाकीचे चौघे नाथाजीवर तुटून पडले. दोनदा तो उठला. तिसऱ्यांदा उठताना मागून एकानं डोक्यात पहार घातली. तो तोंडावर पडला. पडल्यावरही मारत होते. बनुबाई त्याच्या अंगावर पालथी पडली, तेव्हा थांबले. हळदीनं पिवळे झालेले त्याचे तळवे तेवढे तिच्या लुगड्याखालून दिसत होते.

तू विचारशील, दादा, तू काय करत होतास? मी फाटकाजवळ उभा होतो. वीस पावलांवर. एक दगडसुद्धा उचलला नाही. का, ते पुढं लिहितो.

नाथाजी तिथंच गेला. बनुबाईचं नवव्या महिन्यातलं मूल तिसऱ्या दिवशी मेलेलं जन्मलं. अठ्ठावीस खोल्या जमीनदोस्त झाल्या. एकवीस नंबर, माझी खोली, मधेच उभी आहे, दोन्ही बाजूंना ढिगारे. तिथं आता अकरा बायका-मुलं राहतात. मी दुकानाच्या ओसरीवर असतो. बनुबाई मला म्हणाली, "तुमची खोली देवानं राखली, भाऊ. तुमचं पुन्य आमाला आसऱ्याला आलं." मी उठून पेठेत निघून गेलो.

दादासोंच्या माणसांनी जबान्या दिल्यात, की भाडेकरूंची नळावर आपसात मारामारी झाली आणि केरबानं नाथाजीला मारलं. ज्याला उजव्या हातानं पाण्याचा तांब्या धरता येत नाही त्यानं म्हणे पहार घातली. केरबा कच्च्या कैदेत आहे. वस्तीतल्या बायकांच्या जबान्या दादासोंचा वकील उडवून लावतो, त्या आरोपीच्या शेजारणी म्हणून. मी तेवढा असा साक्षीदार आहे, ज्याचं घर पडलं नाही, ज्याला काही मागायचं नाही. त्यामुळे माझं कोर्ट ऐकेल.

आता ते लिहितो, विनू, जे तीन आठवडे लिहिता आलं नाही. फाटकाशी कागद घेऊन उभे होते ते अण्णा. तुझे यजमान. भाऊबीजेला जेवण झाल्यावर त्यांनी माझी यादी पाहायला मागितली. "मालकांना दाखवतो, त्यांची शिफारस लागली तर नळ लवकर मिळेल," म्हणाले. अण्णा दादासोंचे दिवाणजी, त्यांच्या शब्दाला तिथं वजन, म्हणून मी आनंदानं नक्कल करून दिली. माझ्याच अक्षरातला तो कागद होता. त्या दुपारी त्यांनी मला पाहिलं आणि मोठ्या भावासारखे म्हणाले, "चिंतामण, तू दुकानात जा. तुझ्या खोलीला हात लागणार नाही, मी बजावून ठेवलंय." तो कागद मी हिसकावून घेतला नाही. तिथंच उभा राहिलो. नाथाजी त्यानंतर मेला.

हल्ली ते लोणंदच्या वखारीवर आहेत, मालकांनी बदली दिली, घरी लवकर येतात, मुलांशी खेळतात, असं तू आनंदानं लिहिलंस. ती बदली नाही. लोणंद सांगली संस्थानच्या हद्दीबाहेर आहे, इथल्या पोलिसांचा हात तिथं पोचत नाही, म्हणून तिथं पाठवलंय त्यांना.

सोमवारी माझी साक्ष आहे. यादी कुणी केली, कुणाला दिली, फाटकाशी कोण होतं, सगळं सांगणार आहे. अण्णांचं नाव घेणार आहे. हे तुला कोर्टातून किंवा पोलिसांच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. शनिवारी तुझ्या हातात पडेल. त्यांना दाखवायचं की चुलीत घालायचं, ते तू ठरव. दाखवलंस तर ते आणखी लांब पळतील, हे मला कळतं. पण मला वाटतं, नाथाजी पडला तेव्हा पुढचा नंबर सांगताना ते अडखळले. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं तर पहार घालणारा सापडेल आणि केरबा सुटेल. रविवारच्या प्रत्येक गाडीला मी स्टेशनवर उभा असेन. ते आले तर त्यांच्याबरोबर कोर्टात चालत जाईन, हात धरून. न आले तर एकटा जाईन. त्यानंतर तुला माझं तोंड पाहावंसं वाटलं नाही तर मी समजेन. पण मुलांना घेऊन यावंसं वाटलं तर ये.

तुझाच,
दादा