समुद्राच्या तळाचा दगड

११ जानेवारी
प्रेमचं पार्सल आलं! शाळा सुटल्यावर वडीगोद्रीच्या कुरियरवाल्याकडून घेतलं. आत मुठीएवढा काळा दगड आणि चिठ्ठी — समुद्राच्या तळाचा आहे, आईला दाखव. नवरा समुद्राचा तळ खोदणाऱ्या बोटीवर, मग बायकोला दगडच पाठवणार! पार्सल पुण्याहून आलंय. सुट्टीवर निघालेल्या कुणाकडे तरी दिलं असेल.

सासूबाईंनी दगड उन्हात धरून उलटासुलटा केला. म्हणाल्या, "हा तर आपल्या बांधावरला हाय. वखराची पास घासल्याली बघ, ह्यो ओरखडा."

१२ जानेवारी
आईंनी सकाळपासून अबोला धरलाय. पोरगं बोटीवर नाहीच, थापा मारून राह्यलंय, एवढंच रात्री म्हणाल्या होत्या. मला राग आला. पोटच्या मुलावर संशय! ओरखडा मशीनचा असेल.

पण दोन महिने व्हिडिओ कॉल नाही. बोटीवर नेट नसतं म्हणतो. भीती मलाही वाटते, आईंना कशाला सांगू?

१५ जानेवारी
जीव भांड्यात पडला! मी विज्ञानाची बाई, पण हे पुस्तक उघडून बघावं लागलं. समुद्राचा तळही आपल्यासारख्याच काळ्या दगडाचा असतो. सारखा दिसणारच!

१६ जानेवारी
समुद्राचा तळ खोल का असतो, ते दाखवायला आईंना अंगणात बसवलं. बादलीत पाणी, त्यात टीव्हीच्या खोक्यातला जाड थर्माकोल आणि एक पातळ फळी. थर्माकोल वर राहिला, फळी जवळजवळ बुडाली. जरा हलवलं की पाणी फळीवरच चढायचं.

सांगितलं — जमीन अशीच, खोलवरच्या तापलेल्या, मऊसर दगडावर तरंगल्यासारखी. समुद्राखालचा दगड पातळ आणि जड, म्हणून तो खोल बसतो. जमिनीखालचा जाड आणि हलका, तो उंच राहतो. पाणी उतारानं जातं आणि खोलगटात साचतं.

आई म्हणाल्या, "आपला दगड बी काळाच की. मंग आपण कामून बुडालो न्हाई?"

वर्गात असं कुणी विचारत नाही! म्हटलं, आपला काळा दगड म्हणजे लाव्हा, तो त्या जाड, हलक्या थरावर पसरलाय. पोळीवर गूळ पसरावा तसा.

"म्हंजे आपल्याला खालच्यानं धरलंय."

हो, म्हटलं. त्यांनी दगड पदरानं पुसला. किती बरं वाटलं!

२० जानेवारी
दगड बाबासाहेबांच्या फोटोखाली. शेजारच्या द्वारकाबाई बघून गेल्या. पाणी समुद्रातच का साचतं, ते आईंनी त्यांना बरोबर समजावलं.

२३ जानेवारी
प्रेमचा फोन. आई किती खूश आहेत ते मी भरभरून सांगत होते. तो एकदम म्हणाला, "सुमेधा, दगड बांधावरलाच हाय. मागं जाताना संगं नेला व्हता."

मी विचारलं, आणि बोट?

"दिवाळीतच काम सुटलं. पुण्यात हाय. सांगायला तोंड नव्हतं."

आईंनी फोन मागितला. मी दिला.