खालचा मजकूर ठेवा

३ जून
नोकरीचा पहिला दिवस, आणि टेबल चक्क खिडकीजवळचं! कुटुंबांच्या नोंदी ठेवणारं हे कार्यालय. एकच फाइल दोघांनी आपापल्या संगणकावर बदलली की मजकूर जुळत नाही. मग पडद्यावर दोन्ही मजकूर खाली-वर दिसतात. एक ठेवायचा, दुसरा पुसायचा. दोघांनी एकाच भाजीत मीठ घातलं तर चव घेऊन बघणारी ती मी. शेजारच्या टेबलावरचे चष्मेवाले काका म्हणाले, वरचा जुना, खालचा नवा. शंका आली की डोळे मिटून खालचा ठेवायचा. संध्याकाळी ताईकडे गेले. माझ्या सहा वर्षांच्या भाचीने, चिमीने, नोकरीच्या आनंदात लगेच रंगपेटी मागितली.

५ जून
बरेचसे खालचे मजकूर भिंतीकडच्या टेबलावरून येतात. तिथे कुणीच बसत नाही. संगणकाची वायरसुद्धा गुंडाळून ठेवलेली आहे. काकांना विचारलं. म्हणाले, पूर्वी बसायची एक जण. आपण काम संपवावं आणि घर गाठावं.

६ जून
चाळीस फाइली तुंबल्या होत्या. एकही न उघडता सगळ्यांना एकदम 'खालचा ठेवा' दिलं. साहेबांनी माझा वेग वाखाणला.

७ जून
रंगपेटी घेऊन ताईकडे गेले. चिमी दिसेना. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "कोण चिमी गं?"
वाटलं, मायलेकी माझी फिरकी घेताहेत. पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडलं, फ्रॉक नव्हते. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या, त्याही नाहीत. ताईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. रंगपेटी तिथेच राहिली.

८ जून
त्या चाळिसांत ताईची फाइल होती. वर: एक मुलगी. खाली: मूल नाही. खालचा मजकूर भिंतीकडून आलेला. निवड माझ्या नावावर.

९ जून
जुना मजकूर परत घातला. लगेच भिंतीकडून नवा आला. पुन्हा जुळत नाही.
वर — ताईला एक मुलगी.
खाली — ताईला एक बहीण.
'दोन्ही ठेवा' दाबते आहे. दाबलंच जात नाही. काका मान वर करत नाहीत.

१० जून
वरचा ठेवला.
ताईला फोन — मागे चिमीचा आवाज, रंगपेटी कुणी आणली विचारतेय — ताई म्हणाली, "आपण कोण बोलताय?"
काका माझ्या संगणकाची वायर गुंडाळताहेत — हाक मारली, ऐकू जात —
ताई, चिमीला सांग, रंगपेटी तिच्या माव