पुढं बोलावणारा हात

प्रिय सांडू,

देवगाव रंगारीचं लग्न उरकून आत्ताच स्टुडिओत आलो. जेवण लई भारी होतं म्हणं, मला चव लागली नाय. ग्रुप फोटोला नवरीकडची माणसं उभी राहिली आन् माझा हात वरच जाईना. जरा पुढं या, असं हातानं बोलवायची माझी वीस वर्षांची खोड तुला ठाऊक आहे. शेवटी तोंडानं सांगितलं.

रुळांवर विजेच्या तारा आल्या तशी रेल्वेची जुनी डिझेल इंजिनं भंगारात निघाली. त्यांतलं एक तू चालवत असतानाचा फोटो पाहिजे म्हणून मीच तुझ्या मागं लागलो होतो. परवानगी नसताना तू मला यार्डात नेलंस. इंजिन शेडबाहेर उन्हात, मी समोर उन्हाला पाठ करून. कॅमेरा डोळ्याला लावला आन् सवयीनं हात हलवला. तुझ्या डोळ्यावर ऊन. तुला नुसता हात दिसला, तो तुझ्या पॉइंट्समन कडुबाचा, गाडी हलव, असा इशारा समजून तू इंजिन हलवलंस. कडुबा तर मागं डबा जोडायला वाकला होता.

गुडघ्याखाली त्याचा पाय कापला. दवाखान्यात दोनदा जाऊन आलो. त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, मला चहा विचारला. मी पिलो, वर दोन बिस्किटंही खाल्ली. सगळे म्हणतात, सांडूनं इशारा नसताना गाडी हलवली. अपघाताच्या गडबडीत तूच मला डोळ्यांनी जा म्हणालास, आन् मी मुकाट्यानं गेलो. तू निलंबित झालास तरी माझं नाव काढलं नाहीस. सांडू, मला रडू येत नाय रे. लाज वाटायला पाहिजे, तर झोप लागते.

काल तो फोटो पहिल्यांदा उघडला. खिडकीत तू हसतोयस, खाली खडीवर माझी सावली, हात वर केलेला. कोपऱ्यात वेळसुद्धा आहे. उद्या सकाळी अकराला तुझी चौकशी आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू शपथ घालून अडवलं असतंस, म्हणून कागदावर लिहिलं. पत्र निशावहिनीकडं देतोय, तू चौकशीहून परतल्यावरच द्या म्हणून सांगून. संध्याकाळी घरी येऊन वाचशील, तोवर चौकशीच्या खोलीत तू मला पाहिलं असशील, हातात फोटो घेऊन उभा.

तू म्हणशील तर अजून तुझाच,
राजेंद्र